काडी, कोन आणि रात्रभर बांधलेली मूठ

प्रश्न : नागपंचमीच्या आदल्या रात्री आजी आमच्या तळहातावर मेंदीचा एक मोठा गोल थापायची आणि बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या घालायची. नक्षी अशी काही नसायचीच. पण सकाळी हात उघडला की असा रंग चढलेला असायचा की पुढे पंधरा दिवस उतरत नसे. आता मी बाजारातून कोन आणते, बारीक वेलबुट्टी काढून घेते आणि रंग येतो फिकट नारिंगी. दोष कोनाचा, मेंदीचा की माझ्या हाताचा?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमच्या हाताचा दोष नाही. लहानपणी ज्या तळहातावर आजीची मेंदी रंगली, तोच हा तळहात आहे. आधी मेंदी रंगते कशी ते पाहू, मग आजीच्या मुठीचं मर्म आपोआप कळेल.

मेंदीच्या पानात रंग तयार होऊन बसलेला नसतो. तो साखरेच्या रेणूशी जखडलेल्या रूपात असतो. पान वाटलं, त्याला पाणी आणि थोडा आंबटपणा मिळाला की ती गाठ सुटते, सुटलेल्या द्रव्याला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि लाल-नारिंगी रंगद्रव्य तयार होतं. त्याचं नाव लॉसोन. हे नाव मेंदीच्या शास्त्रीय नावावरून, लॉसोनिया इनर्मिसवरून आलं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने आपला स्कॉटिश डॉक्टर मित्र आयझॅक लॉसन याच्या नावावरून या झुडपाला ते दिलं. वाळलेल्या पानांच्या वजनात लॉसोनचं प्रमाण साधारण एक टक्का, चांगल्या पिकात दीडाच्या आसपास. म्हणजे शंभर ग्रॅम पुडीत ग्रॅम-दीड ग्रॅम. एवढ्याशा द्रव्यावर अख्ख्या लग्नघराचे हात रंगतात.

हे लॉसोन त्वचेच्या सगळ्यांत वरच्या, मृत पेशींच्या थरात शिरतं आणि तिथल्या केराटिनला, म्हणजे नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात त्यालाच, पक्कं चिकटतं. ते नुसतं वर बसलेलं नसतं, त्याचा केराटिनशी रासायनिक बंध होतो. म्हणून मेंदी साबणाने जात नाही, कातडीचा तो थर झिजून पडेल तेव्हाच जाते. तळहात आणि तळपाय यांचा हा थर शरीरात सगळ्यांत जाड, म्हणून तिथे रंग सगळ्यांत गडद. मनगटाच्या वर, कोपराकडे, दंडावर तीच मेंदी फिकी पडते आणि आठवड्यात जाते.

आता मुद्द्याचं. लॉसोन मेंदीतून त्वचेत जातं ते मेंदी ओली असेपर्यंतच. लेप कडक वाळला की वाहतूक थांबली. मग तुम्ही ती खपली हातावर सहा तास ठेवा नाहीतर दहा तास, रंगात भर पडत नाही. आजीचा गोल अर्धा बोट जाड असायचा. वरून हात मुठीत मिटलेला, मुठीवर फडकं गुंडाळलेलं, आणि ती मूठ पांघरुणात. आतला ओलावा सकाळपर्यंत टिके आणि वर अंगाची ऊब. कोनाने काढलेली रेघ एक मिलिमीटरसुद्धा रुंद नसते. पंख्याखाली बसलात तर ती अर्ध्या तासात वाळते. आजीच्या मेंदीला आठ तास मिळाले, तुमच्या वेलबुट्टीला अर्धा तास. रंगातला फरक बहुतेक या वेळेचाच आहे.

आमच्या घरी आई मूठ बांधायला जुन्या नऊवारीचं मऊ झालेलं फडकं घ्यायची. आम्हा भावंडांना दोन्ही हात बांधलेल्या अवस्थेत झोपावं लागे, आणि नेमकं तेव्हाच नाक खाजत असे. पाट्यावर पानं वाटायला बसली की आई त्यात काताचा खडा घाली आणि लिंबू पिळी, कधी चिंचेचं पाणी घाली. लॉसोन हे नाव तिने ऐकलेलं नव्हतं. पण आंबट हवं, ओलं राहायला हवं, ऊब हवी आणि रात्र जाऊ द्यायला हवी हे चारही नियम ती चुकवत नसे. आज पुडी भिजवताना मला तिचे ओले, हिरवे झालेले हात दिसतात.

मग नक्षी आली कुठून? पाट्यावर वाटलेल्या ओल्या पानांचा लगदा कितीही वाटला तरी जाडसरच राहतो, त्याची रेघ ओढता येत नाही. नक्षीला लागते वाळलेल्या पानांची वस्त्रगाळ पूड. ती आली तशी काडी आली. काडेपेटीतली काडी, खराट्याचा हीर, कुणाकडे चांदीची किंवा पितळेची सळई. काडीचं तंत्र आज जवळजवळ विसरलं गेलंय. काडी मेंदीत बुडवून हातावर घासायची नसते. मेंदी चिकट भिजवायची, काडीच्या टोकावर थोडी उचलायची, तिची तार सुटली की ती तार हवेतून हातावर अलगद सोडायची. पाकाची तार बोटांत धरून बघतो ना, तशीच. राजस्थानात आणि गुजरातेत जुन्या बायका हे काम काडीशिवाय, नुसत्या बोटाने करत. चिमटीत मेंदीची तार ओढायची आणि रांगोळीची रेघ सोडावी तशी हातावर अंथरायची.

मग कोन घराघरात आला. आमच्या आळीत तो दुधाच्या पिशवीतून आला. पिशवी धुऊन, वाळवून, कापून तिचा कोन वळायचा, चिकटपट्टी लावायची आणि टोकाला टाचणी खोचून ठेवायची. कोनामुळे रेघ केसासारखी बारीक झाली आणि एका बैठकीत कोपरापर्यंत हात भरता येऊ लागला. ही कोनाची देणगी मोठी आहे, ती मी कमी लेखणार नाही. फक्त बारीक रेघेबरोबर लवकर वाळणंही आलं, आणि त्यावरचा इलाज आपण सोयीस्कर विसरलो.

इलाज असा. नक्षी काढून झाली, वरून सुकल्यासारखी दिसू लागली पण अजून भेगाळलेली नाही, अशा वेळी लिंबाच्या रसात साखर विरघळवून ते पाणी कापसाच्या बोळ्याने हलकेच टिपायचं. बोळा दाबून पिळायचा नाही, नुसता टेकवायचा. दर अर्ध्या तासाने दोन-तीन वेळा. साखर ओल धरून ठेवते आणि खपली हातालाच चिकटून राहते. मग मऊ कागदी रुमाल किंवा जुनं सुती फडकं गुंडाळून झोपा. सकाळी मेंदी पाण्याने धुऊ नका. सुरीच्या बोथट बाजूने किंवा चमच्याने खरवडून काढा, वर खोबरेल तेल चोळा आणि त्या दिवशी भांडी-धुणं दुसऱ्या कुणाला करू द्या. खपली काढली की रंग नारिंगीच दिसेल. घाबरू नका. हवेतल्या ऑक्सिजनने पुढच्या एक-दोन दिवसांत तो तांबूस तपकिरी होतो. म्हणून लग्नाची मेंदी दोन दिवस आधी काढायची असते. आदल्या रात्री काढून सकाळी फोटोत गडद रंगाची अपेक्षा धरली तर निराशा ठरलेली.

तव्यावर लवंगा तापवून त्यांच्या धुरीवर हात धरतात, त्यातही अर्थ आहे. ऊब मिळते आणि रंग आत शिरायला मदत होते. हात चटका बसेल इतका जवळ मात्र नेऊ नका.

राहिला बाजारातल्या कोनाचा दोष. त्याबद्दल म्हापशाच्या पत्राला उत्तर देताना लिहिते.

प्रश्न : मी बारावीत आहे आणि मैत्रिणींच्या हातावर मेंदी काढते. माझी रेघ मध्येच तुटते, कधी जाड तर कधी बारीक होते. कोन कसा धरायचा हे कुणी नीट सांगत नाही. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : रेघ तुटते याचं निम्मं कारण हातात नसून भांड्यात असतं. म्हणून आधी भिजवण्याकडे बघ.

पूड ताजी हवी. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे मेंदीचं मोठं गाव, सोजतच्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली पूड घे किंवा दुसरी कुठली, रंग शेवाळी-हिरवट खाकी असू दे. डोळ्यांत भरेल असा पोपटी हिरवा रंग दिसला तर त्यात वरून रंग घातलाय असं समज. पूड जुन्या मलमलीच्या ओढणीतून चाळ. एक शीर, एक रेतीचा कण कोनाच्या तोंडात अडकला की रेघ तुटलीच.

शंभर ग्रॅम पुडीला तीस ग्रॅमच्या आसपास साखर, दोन-तीन चमचे निलगिरीचं तेल आणि लिंबाचा रस किंवा पाणी साधारण तीनशे मिलिलिटर. द्रव एकदम ओतू नकोस. काही पुडी जास्त पितात, काही कमी. आधी घट्ट कालव, झाकून ठेव, रंग सुटल्यावर थोडं थोडं घालून सैल कर. चमच्यातून ओतलं की लादीसारखं पडता कामा नये आणि पाण्यासारखं वाहताही कामा नये. रेशमी पट्टी घडी घालत पडावी तशी पडली पाहिजे, आणि पडलेली घडी हळूहळू विरघळून सपाट झाली पाहिजे. साखर इथे तारेसाठी आहे. साखर कमी तर रेघ तुटेल. साखर जास्त झाली, त्यात पावसाळी हवा असली, तर रेघ वाळतच नाही, चिकट होऊन पसरते. श्रावणात नाशिकला मी साखर निम्मी करेन.

निलगिरीच्या तेलाचं काम सुवासापुरतं नाही. त्यातली द्रव्यं लॉसोनला त्वचेत शिरायला मदत करतात. चहा आणि कॉफीचं पाणी घालण्याची रीत आहे, त्याने कालवलेली मेंदी गडद दिसते, पण हातावरचा रंग लॉसोनचाच असतो. लोखंडी कढई केसांच्या मेंदीसाठी राहू दे.

रंग सुटायला किती वेळ? सव्वीस-अठ्ठावीस अंशांच्या खोलीत आठ-दहा तास. विदर्भातल्या मे महिन्यात तीन-चार तासांतसुद्धा. घड्याळापेक्षा हात विश्वासू. तळहातावर ठिपका ठेव, पाच मिनिटांनी पुसून बघ. नारिंगी डाग दिसला की मेंदी तयार. तयार मेंदी नायलॉनच्या पातळ मोज्यातून पिळून काढलीस तर राहिलेली गुठळीही निघून जाईल. उरलेली बर्फाच्या कप्प्यात टाक, काही महिने टिकते. बाहेर ठेवलीस तर दोन-तीन दिवसांत तिचा जोर जातो.

आता कोन. सेलोफेनचा किंवा तसाच कडक पारदर्शक कागद सात इंच बाय पाच इंच काप. एका लांब बाजूच्या मधोमध टोक यावं अशा बेताने वळ, टोक सुईसारखं मिटेपर्यंत आवळत जा, मग चिकटपट्टी. तोंड कात्रीने कापायची घाई करू नकोस. चांगला वळलेला कोन टाचणीनेच उघडतो. दोन-तृतीयांशच भर, वरून घड्या घालत हवा काढून टाक आणि बंद कर. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो नेमका मोराच्या डोळ्यापाशी फुटतो.

धरायचा कसा? अंगठ्याने वरच्या बाजूला दाब द्यायचा, तर्जनी आणि मधल्या बोटाने दिशा. करंगळी समोरच्याच्या हातावर टेकलेली, नाहीतर मनगट थरथरतं. कोन तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, टोक कातडीला टेकवून ओढायचं नाही. ठिपक्यासाठी टेकव, मेंदी बाहेर आली की टोक तांदळाच्या दाण्याइतकं वर उचल आणि सुटलेली तार हातावर झोपवत ने. वळण आलं की हात फिरव, तार मागून येईल. रेघ संपवताना आधी दाब थांबव, मग टोक खाली टेकव. दाब चालू ठेवून टोक उचललंस तर शेपूट उरतं. काडीची जुनी तार ती हीच, फक्त आता ती कोनाच्या तोंडातून येते.

रेघ जाड-बारीक होते ती दाब आणि वेग यांचा मेळ नसल्यामुळे. दाब एकसारखा ठेव आणि वेगाने जाडी सांभाळ. हळू गेलीस तर जाड, भरभर गेलीस तर बारीक. पाकळी भरताना कडेने जाड रेघ, मग आत बारीक रेघा ओढून छटा. जाळीच्या रेघा आधी सगळ्या एका दिशेच्या, मग दुसऱ्या. उजव्या हाताने काढत असशील तर डावीकडून सुरुवात कर, म्हणजे ओल्या नक्षीवर हात पडणार नाही.

सराव मैत्रिणींच्या हातावर करू नकोस. स्टीलचं ताट पालथं घाल आणि त्यावर कोयऱ्या, वेली, कमळं काढ. भरलं की चमच्याने गोळा करून पुन्हा कोनात भर. काच असेल तर तिच्याखाली नक्षीचा कागद ठेवून गिरव. ठिपक्यांची रांगोळी काढत असशील तर तुला अंतराचा अंदाज आधीच आहे, तो इथे फार उपयोगी पडेल. रोज अर्धा तास, महिनाभर. मग मला पुन्हा लिही.

स्टेन्सिल वापरावी का असंही तू विचारलंयस. चिकटणारी स्टेन्सिल लहान मुलांच्या हातांसाठी बरी. सैल मेंदी तिच्या कडेखाली शिरते, म्हणून मेंदी घट्ट घे. तुझ्या हाताला मात्र ती सवय लावू नकोस.

प्रश्न : मोरोक्कोत बायका इंजेक्शनच्या सिरिंजने मेंदी काढतात असं ऐकलं. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खरं आहे. तिथल्या मेंदी काढणाऱ्या बायकांना नक्काशा म्हणतात. आपल्या नक्षीचा आणि त्यांच्या नक्काशाचा मूळ अरबी शब्द एकच. सिरिंजला बारीक, बोथट केलेली सुई लावून त्या चौकटी, त्रिकोण, जाळ्या, ताऱ्यांचे आकार काढतात. आपल्याकडची कोयरी आणि मोर तिथे फारसे दिसत नाहीत. सिरिंजमध्ये दाब अंगठ्याने दट्ट्यावर देतात, त्यामुळे सरळ, एकसारख्या जाडीच्या रेघेला ती उत्तम. वळणदार वेलीला मला कोनच बरा वाटतो. युरोप-अमेरिकेत अनेकजणी धातूचं तोंड बसवलेली प्लास्टिकची लहान बाटली वापरतात. अर्धा, पाऊण मिलिमीटर अशी वेगवेगळी तोंडं बदलता येतात.

मला त्याहून नवल वाटतं ते मॉरिटानियाच्या रीतीचं. तिथे नक्षी मेंदीने काढतच नाहीत. चिकटपट्टीचे बारीक तुकडे कापून हातावर आधी नक्षी चिकटवतात, मग सगळ्या हातावर मेंदी थापतात. पट्टी आणि मेंदी काढली की झाकलेली जागा कोरी आणि भोवतीची रंगलेली. बाटिकच्या कापडावर मेण जे करतं ते इथे पट्टी करते. यात मेंदी जाड थापलेली, म्हणून रंगही आजीच्या मुठीसारखा गडद. आणि मूठ म्हणाल तर ती तुर्कस्तानातही आहे. लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री नवरीच्या तळहातावर सोन्याचं नाणं आणि मेंदीचा गोळा ठेवतात, मूठ मिटतात आणि वर लाल कापडी हातमोजा चढवतात. सांगलीच्या ताईंना हे वाचून आनंद होईल.

मेंदीच्या या रीती किती पसरलेल्या आहेत याची नोंद अलीकडे जगानेही घेतली. 2024 मध्ये 16 अरब देशांनी मिळून मांडलेला मेंदीच्या परंपरांचा प्रस्ताव युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. मॉरिटानिया आणि मोरोक्को हे दोन्ही देश त्यात आहेत.

प्रश्न : आमच्याकडे किनाऱ्यावर पर्यटकांना काळ्या मेंदीचे टॅटू काढून देतात. दहा मिनिटांत रंग. माझ्या मुलीला हवा आहे. काढू द्यावा का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही. कृपा करून काढू देऊ नका.

मेंदीचा रंग काळा नसतो. लॉसोन नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत जातं, तळपायावर तर जवळजवळ कॉफीसारखं दिसतं, पण डांबरासारखं काळं होत नाही, आणि दहा मिनिटांत तर मुळीच नाही. असा झटपट काळा रंग देणाऱ्या मेंदीत बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन असतं, थोडक्यात पीपीडी. केस काळे करण्याच्या डायमध्ये ते ठरावीक, कमी प्रमाणात वापरतात, आणि तिथेही ते कातडीला लागू नये असं पाकिटावर लिहिलेलं असतं. टॅटूच्या लेपात किती घातलंय याला काही धरबंध नाही, आणि तो लेप थेट कातडीवर तास-तास बसतो.

काहींना काही होत नाही. काहींना लगेच खाज सुटते. पण पुष्कळदा पहिल्यांदा लावल्यावर आठ-दहा दिवसांनी नक्षी आहे तशी लाल होऊन फुगते, फोड येतात, पाणी सुटतं. जखम बरी झाली तरी नक्षीचा पांढुरका डाग महिनोन्‌महिने राहतो, कधी व्रण कायमचा. आणि इतक्यावर हे थांबत नाही. एकदा शरीराने पीपीडीला शत्रू मानलं की ते जन्मभर मानतं. तीस वर्षांनी तीच मुलगी केसांना डाय लावेल आणि तिचा चेहरा, पापण्या सुजतील. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात झटपट रंगाचा कोन वापरला होता. लग्नाच्या चौथ्या दिवशी तिच्या मनगटावर मोराच्या पिसाऱ्याच्या आकारात फोड उठले. तिच्या हळदीच्या, लग्नाच्या आठवणींत आता दवाखान्याची रांगही आहे. म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे.

सांगलीच्या ताईंचं राहिलेलं उत्तरही इथेच. मी वर लिहिलं की भिजवलेली मेंदी बाहेर दोन-तीन दिवसांत निकामी होते. मग दुकानात दोरीवर महिनोन्‌महिने लटकणारा कोन रंगतो कशाने? त्यात एकतर जोर उरलेला नसतो, म्हणून फिकट नारिंगी येतं, नाहीतर त्यात मेंदीशिवाय दुसरं काही घातलेलं असतं. सोडियम पिक्रमेट हे तसलंच एक रंगद्रव्य. कोनावर घटकांची यादी नसेल, उघडताच पेट्रोल-रॉकेलसारखा वास येत असेल, पाच-दहा मिनिटांत गडद रंगाचं आश्वासन असेल, तर तो परत ठेवा. शुद्ध कोन हवा असेल तर काढणारी स्वतः भिजवते आणि बर्फात ठेवते, अशीच शोधा.

तुमच्या मुलीसाठी घरी साधी मेंदी भिजवा. हवी ती नक्षी काढा, किनाऱ्यावरच्या ड्रॅगनसकट. दंडावर रंग फिका येईल हे तिला आधी सांगा. पायाच्या घोट्याखाली काढलात तर गडद येईल.

एक सूचना आणखी. ज्यांच्या घरात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे, त्यांनी तान्ह्या बाळाला साधी मेंदीसुद्धा लावू नये. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लॉसोनने फुटू शकतात. बाळाच्या तळपायाला मेंदी लावायची हौस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : इथे जानेवारीत मेंदी भिजवली की रात्रभर ठेवूनही रंग सुटत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हात कोरेच राहतात. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : थंडीत रंग सुटायची क्रिया मंदावते. वीस अंशांत एक पूर्ण दिवससुद्धा लागतो. भांडं झाकून हीटरजवळ, किंवा ओव्हन न पेटवता नुसता त्याचा दिवा लावून आत ठेवा. कोमट जागा हवी, गरम नको. इडलीचं पीठ जिथे आंबवता तीच जागा मेंदीची. आणि काढण्याआधी हात कोमट पाण्यात बुडवून, साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेल्या, गारठलेल्या हातावर मेंदी चढत नाही. काढून झाल्यावर अंगावर शाल घेऊन, हात उबेत ठेवून बसा. फ्रीजरमधला कोन असेल तर खोलीच्या तापमानाला आला की लगेच वापरा, पुन्हा गोठवू नका.

प्रश्न : मेंदी जितकी गडद रंगते तितकं नवऱ्याचं प्रेम जास्त, असं माझ्या मुलीला तिच्या मेंदीच्या दिवशी बायका सांगत होत्या. तिचा रंग फिका आला आणि ती रडली. (एक आई, अकोला)

उत्तर : तिला सांगा, ज्यांचे तळहात ऊबदार असतात आणि कातडी जाड असते त्यांचा रंग गडद येतो. ज्यांचे हात थंड पडतात, तळव्यांना सारखा घाम येतो, त्यांचा फिका. लग्नाच्या धावपळीत, धास्तीत कुणाचेही हात गार पडतात. यात नवऱ्याचा संबंध नाही, सासूचा तर नाहीच. आणि पुढच्या वेळी तिच्या हाताला तो साखर-लिंबाचा बोळा तुम्ही स्वतः लावा.

प्रश्न : अंगणात मेंदीचं झुडूप आहे. पानांपासून घरीच पूड करता येईल का, की वाटूनच लावायची? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : करता येईल, सोलापूरच्या कोरड्या हवेत तर उत्तम होईल. कोवळी, फांदीच्या शेंड्याकडची पानं घ्या, त्यांत रंग जास्त असतो. उन्हात वाळवू नका, रंग उतरतो. सावलीत, चटईवर पसरून, रोज हलवून चुरचुरीत होऊ द्या. देठ-काड्या वेचून काढा, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, भांडं तापू देऊ नका. मग मलमलीतून गाळा. गाळून उरलेला भरडा केसांसाठी ठेवा. पूड काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली, अंधारात.

पण निदान एकदा, नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी, ओली पानंच खुडून आणा. पाटा-वरवंटा नसेल तर मिक्सरमध्येच वाटा, अगदी थोड्या पाण्यात, वर लिंबू पिळून. रंग सुटेपर्यंत तासभर झाकून ठेवा. कोन लागणार नाही, काडीही नाही. तळहाताच्या मध्यावर गोल थापा, बोटांना टोप्या घाला, मूठ मिटा आणि वर फडकं बांधा. गाठ मारायला घरातलं दुसरं कुणीतरी लागेल.